चावीचे आटे परत परत जातात? क्राऊन ट्यूब बदलायच्या आधी काय तपासायचं आणि बदलायची कशी

घड्याळाची चावी, म्हणजे बाजूचं फिरवायचं बटण (क्राऊन), दाबून फिरवली तरी आटा धरत नाही, किंवा एक-दीड फेरा जाते आणि टचकन बाहेर येते, किंवा नीट बंद झाल्यासारखी वाटते पण संध्याकाळी बघावं तर आपोआप सुटलेली असते. मग निदान होतं की ट्यूब गेली, ट्यूब बदलली जाते, काही महिने छान चालतं आणि परत तेच सुरू. हे चक्र इतकं नेहमीचं आहे की एकदा सविस्तर लिहायलाच हवं होतं. यातली खरी गोम अशी की स्टीलची ट्यूब स्वतःहून क्वचितच खराब होते, तिला काहीतरी खराब करत असतं, आणि ते काहीतरी बहुतेक वेळा केसच्या आत असतं. ते सापडलं नाही तर नवीन ट्यूबचं आयुष्यही तेवढंच. म्हणून आधी कारण शोधा आणि मगच पार्ट मागवा.

थोडक्यात रचना सांगतो म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. केसच्या बाजूला जे भोक असतं त्यात एक छोटी नळी बसवलेली असते, ती क्राऊन ट्यूब. तिच्यातून स्टेम, म्हणजे चावीची दांडी, आत मशीनमध्ये जाते. स्क्रू-डाऊन, म्हणजे फिरवून आट्यांनी बंद होणारी चावी असेल तर ट्यूबला बाहेरून आटे असतात आणि चावीच्या पोटात त्याला जुळणारे आटे. साध्या ओढायच्या चावीत ट्यूब बाहेरून गुळगुळीत असते आणि चावीतला वॉशर तिच्यावरून सरकतो. ट्यूब केसमध्ये दोन पद्धतीनं बसते, एक तर तिला आतल्या टोकालाही आटे असतात आणि ती केसमध्ये फिरवून बसवलेली असते, नाहीतर ती नुसती दाबून बसवलेली असते. तिसरा प्रकार म्हणजे ट्यूब वेगळी नसतेच, केसच्याच धातूतून कातून काढलेली असते, त्याचं दुखणं वेगळं आहे, त्यावर पुढे येतो. रोलेक्सनं १९२६ साली ऑयस्टर केस आणली तेव्हापासून स्क्रू-डाऊन चावी लोकांना माहीत झाली, मग १९५३ ला ट्विनलॉक आणि १९७० ला ट्रिपलॉक या पाणी अडवणाऱ्या चाव्या आल्या. त्यांची ट्यूब केसमध्ये आट्यांनी बसते आणि आतून खास टूलनं पकडून काढता येते, म्हणजे हा पार्ट झिजणार आणि बदलावा लागणार हे धरूनच ते डिझाईन केलंय. सगळ्या घड्याळांत एवढी सोय नसते.

आधी हे करा, बाकी सगळं नंतर

मागचं झाकण उघडा, स्टेम सोडवा, मशीन केसमधून बाहेर काढा आणि डायल वर करून धूळ बसू नये म्हणून वेगळ्या झाकणाखाली सुरक्षित ठेवा. स्टेम सोडवताना मशीनवरचा तो छोटा ठिपका किंवा स्क्रू जेवढा दाबायला हवा तेवढाच दाबा, जास्त दाबला तर आतला सेटिंग लिव्हर (स्टेमला धरून ठेवणारा भाग) जागेवरून निसटतो आणि मग ट्यूबचं काम राहतं बाजूला, डायल काढून चावीखालचा सगळा भाग परत जुळवत बसावं लागतं. चावी कुठल्या पोझिशनला ठेवून दाबायचं हे प्रत्येक मशीनचं वेगळं असतं, त्या मशीनच्या टेक्निकल शीटमध्ये दिलेलं असतं, ते बघूनच हात लावा.

आता रिकाम्या केसला तीच चावी, स्टेमसकट, ट्यूबवर लावून बघा. मशीन नाही म्हणजे स्टेमला आत अडवणारं काही नाही. आधी चावी हलक्या हातानं उलटी फिरवा, एका जागी बारीक "टक्" असं बोटाला जाणवतं, तिथे आटा आट्याच्या तोंडाशी आलेला असतो, तिथून पुढे सुलटी फिरवा. या एका चाचणीवरून अर्धं निदान होतं. रिकाम्या केसवर चावी शेवटपर्यंत लोण्यासारखी गेली आणि मशीन बसवल्यावर अडकायला लागली, तर ट्यूब ठीक आहे, दोष स्टेममध्ये किंवा मशीनच्या बैठकीत आहे. रिकाम्या केसवरही अडकली तर दोष ट्यूबमध्ये, चावीमध्ये किंवा दोन्हीत. त्याच मापाची दुसरी चांगली चावी हाताशी असेल तर ती लावून बघा म्हणजे तोही प्रश्न सुटतो. ही चाचणी न करता थेट ट्यूब उपसणं मला अजिबात पटत नाही, कारण दाबून बसवलेली ट्यूब एकदा उपसली की केसचं भोक किंचित तरी मोठं होतंच, आणि ते परत लहान करता येत नाही.

आटे काय सांगतात ते बघा

दहापट भिंग घ्या आणि लाईट समोरून न मारता बाजूनं, अगदी आडवा मारा. समोरून सगळे आटे चकचकीत दिसतात आणि काहीच कळत नाही, आडव्या उजेडात प्रत्येक आट्याची सावली पडते आणि मोडलेला आटा लगेच ओळखू येतो. केस हळूहळू फिरवत पूर्ण गोलाई बघा.

फक्त पहिला किंवा पहिले दोन आटे एकाच बाजूला चेपलेत आणि आतले शाबूत आहेत, याचा अर्थ चावी तिरकी लावली जात होती. बाटलीचं झाकण तिरकं बसलं आणि तसंच जोर लावून फिरवलं की कसं होतं, तसंच. आता ती तिरकी का जात होती हा पुढचा प्रश्न, घाईनं लावायची सवय असू शकते पण स्टेम ट्यूबच्या मधोमध येत नसेल तर कितीही सावकाश लावा, तिरकीच जाणार.

पहिला आटा गोलाईभर सारखाच झिजलाय आणि खालचे आटे अगदी कोरे, ही खूण फार बोलकी आहे आणि नेमकी हीच दुर्लक्षिली जाते. याचा अर्थ चावी कधी पूर्ण खाली बसतच नव्हती, टोकाच्या एका आट्यावरच सगळा भार होता. बहुतेक वेळा स्टेम लांब असते. मशीनमध्ये स्टेम पूर्ण आत गेली तरी चावी ट्यूबपासून थोडी लांब राहते, वापरणारा माणूस दाबून दाबून कसाबसा एक आटा धरवतो आणि रोज तो एकच आटा खात राहतो. यात ट्यूब कितीही भारी आणा, स्टेम कापली नाही तर उपयोग शून्य.

सगळे आटे सारखेच गोलसर झालेत, धारच राहिली नाही, तर ती वयाची झीज. कोरड्या आट्यांत धूळ आणि घाम साचून जी पेस्ट होते ती पॉलिश पेपरसारखं काम करते. अशा वेळी चावीचे आतले आटेही तितकेच गेलेले असतात म्हणून दोन्ही जोडीनंच बदला. जुनी चावी नव्या ट्यूबवर लावली की चांगल्या आट्यावर झिजलेला आटा बसतो, पकड अर्धवट मिळते, आणि मग लोक म्हणतात नवीन ट्यूबची क्वालिटी खराब.

ट्यूब गोल न दिसता अंडाकृती दिसत असेल किंवा एका बाजूला खड्डा असेल तर चावी उघडी असताना धक्का बसलाय. काळपट खड्डे दिसले तर गंज. स्टेनलेस स्टीलही गंजतं, घामातलं आणि समुद्राच्या पाण्यातलं क्लोराईड जिथे हवा खेळत नाही अशा फटीत अडकून राहिलं की तिथे बारीक खड्डे पडतात, आणि ट्यूब-चावीचा सांधा म्हणजे अगदी तशीच फट आहे.

आणि शेवटचा प्रकार, चावी फिरवली की ट्यूबच तिच्याबरोबर फिरते. कधीकधी चावी उघडायला जावं तर ट्यूबसकट हातात येते. इथे आटे चांगले असू शकतात, ट्यूबची केसमधली पकड गेलेली असते. पितळेवर मुलामा दिलेल्या केसमध्ये हे जास्त होतं कारण पितळ मऊ, भोक लवकर सैल होतं.

एक सूचना, चावी उघडल्यावर डुगडुगते म्हणून ट्यूब गेली असं लगेच ठरवू नका. व्होस्टोक या रशियन कंपनीच्या अँफिबिया घड्याळामध्ये, जी १९६७ पासून बनतेय, चावी उघडल्यावर मुद्दाम सैल हलते. स्टेम आणि चावी यांच्यात क्लच ठेवलाय म्हणजे बाजूनं धक्का बसला तर स्टेम वाकत नाही. ते घड्याळ हातात आल्यावर अनेकजण घाबरतात पण तो दोष नाही.

मशीनच्या बैठकीची तपासणी

मशीन परत केसमध्ये ठेवा, मशीन धरून ठेवणारे क्लॅम्प किंवा रिंग नेहमीसारखी बसवा पण स्टेम घालू नका. आता ट्यूबच्या तोंडातून सरळ आत बघा, उलट्या बाजूनं थोडा उजेड पडेल असं केस धरा. मशीनचं स्टेमचं भोक ट्यूबच्या बरोबर मधोमध दिसायला हवं, चहूबाजूंनी सारखी कड. एका बाजूला चंद्रकोरीसारखी जाड कड आणि दुसऱ्या बाजूला भोक ट्यूबच्या भिंतीआड लपलेलं दिसलं तर सापडला गुन्हेगार. कोर डाव्या-उजव्या बाजूला असेल तर मशीन केसमध्ये किंचित फिरलंय, डायलच्या पायांची किंवा क्लॅम्पची गडबड आहे. कोर वर किंवा खाली असेल तर मशीनची उंची चुकलीय.

उंची चुकण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे आधी कोणीतरी मशीन बदललेलं असतं. उदाहरणार्थ ईटीए २८२४-२ या मशीनची जाडी ४.६ मिमी, एनएच३५ या मशीनची ५.३२ मिमी, व्यासही वेगळे, म्हणजे एकाच्या केसमध्ये दुसरं नुसतं बसतंय म्हणून बसवलं की स्टेमची उंची ट्यूबशी जुळत नाही. त्यासाठी बरोबर मापाची होल्डर रिंग लागते. दुसरं कारण म्हणजे प्लॅस्टिकची होल्डर रिंग वर्षानुवर्षं उन्हा-घामानं कडक होऊन तडकलेली असते, बाहेरून दिसत नाही पण बोटानं दाबली की मशीन एका बाजूला बसतं. तिसरं, क्लॅम्पचा एखादा स्क्रू सैल किंवा गायब. मशीन बसवल्यावर चिमट्याच्या मागच्या टोकानं कडेला अगदी हलकं दाबून बघा, मशीन जागचं हलता कामा नये.

स्टेम वाकली आहे का हेही इथेच बघून टाका. काचेच्या सपाट तुकड्यावर स्टेमचा सरळ भाग ठेवून बोटानं लाटा, वाकलेली असेल तर उजेडाची फट कमीजास्त होताना दिसते. वाकलेली स्टेम सरळ करत बसू नका, बदला.

ट्यूब न बदलता जमण्यासारखं

पहिलं म्हणजे सफाई. बऱ्याच "गेलेल्या" ट्यूब नुसत्या भरलेल्या असतात. लाकडी टूथपिक टोकाला चपटी करून लायटर फ्लुइडमध्ये बुडवा आणि आट्याच्या दिशेनं फिरवत मळ काढा, सुई वापरू नका. चावीच्या पोटातला मळही तसाच काढा, तिथे तो वॉशरच्या मागे घट्ट बसलेला असतो, जुना वॉशर काढूनच नीट सफाई होते आणि तो वॉशर परत घालायचा नसतो. रिकामी केस अल्ट्रासोनिक क्लीनरमध्ये घालता आली तर उत्तम.

फक्त पहिल्या आट्याला टोक उभं राहिलंय आणि बाकी शाबूत आहेत तर ते सुधारता येतं. अगदी बारीक त्रिकोणी किंवा सुरीधारी कानस घ्या आणि भिंगाखाली आट्याच्या खाचेत, आट्याच्याच तिरक्या दिशेनं, एकेक हलका फटकारा मारा. उद्देश आटा परत बनवणं नाही, आडवं आलेलं टोक काढणं एवढाच. दोन-तीन फटकारे मारा, पुसा, चावी लावून बघा, परत. हे करताना मशीन दुसऱ्या टेबलावर असलेलं बरं, कारण कानशीचा बारीक चुरा मशीनमध्ये गेला तर त्याचा त्रास ट्यूबपेक्षा मोठा. काम झालं की ट्यूबच्या आतूनही चुरा काढा, रोडिकोसारखा चिकट गोळा टोकदार करून आत फिरवला की सगळं उचलून येतं.

काहीजण पॉलिशिंग पेस्ट लावून चावीनंच आटे घासून जुळवतात. तात्पुरतं चावी चालू लागते हे खरं, पण दोन्हीकडचा धातू जातो आणि पकड आणखी सैल होते, म्हणून मी ते सुचवणार नाही.

ट्यूब काढणे

आधी माप, मग ऑर्डर, मग काढणं, हाच क्रम ठेवा. नवीन ट्यूबसाठी केसमध्ये बसणाऱ्या भागाचा व्यास, आतल्या भोकाचा व्यास, आट्यांवरचा बाहेरचा व्यास आणि केसच्या बाहेर राहणारी लांबी, ही चार मापं लागतात. साधा डिजिटल व्हर्निअर ०.०१ दाखवतो पण तेवढा अचूक नसतो, दोन-तीन शतांशाचा फरक सहज येतो, आणि दाबून बसणाऱ्या ट्यूबची सगळी पकडच एक-दोन शतांश मिलीमीटरवर असते. त्यामुळे मायक्रोमीटर मिळाला तर घ्या. बाहेरच्या लांबीकडे विशेष लक्ष, ट्यूब लांब पडली तर चावी केसला टेकायच्या आधीच थांबते आणि आखूड पडली तर वॉशर दबत नाही, दोन्हीत पाणी जातं. आट्यांचं अंतर सगळ्या कंपन्यांचं एक नसतं म्हणून चावी आणि ट्यूब एकाच सेटमधली घ्या, हे परत सांगतोय कारण इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. चावी नवीन घेताना स्टेमचा आटाही जुळवा, २८२४ सारख्या मशीनच्या स्टेमचा आटा ०.९० मिमीचा असतो.

काढायच्या आधी काच, बेझल (काचेभोवतीची रिंग), वॉशर जे काढता येईल ते काढा. आट्यांनी बसवलेली ट्यूब असेल तर आतून खाचा असतात, त्यात बसणारं टूल मिळालं तर सरळ उलटी फिरवून निघते. जुनी असेल तर गंज सोडवणारं तेल आतून-बाहेरून लावून रात्रभर ठेवा. खाचा नसतील किंवा ट्यूब बाहेरून मोडून सपाट झाली असेल तर पाच धारांचा निमुळता ब्रोच ट्यूबमध्ये घट्ट होईपर्यंत सरकवा आणि उलटा फिरवा, धारा आतून पकडतात आणि ट्यूब निघते. पक्कडीनं बाहेरून धरून पिळणं मात्र नको, ट्यूब चेपते आणि तिथेच तुटते.

दाबून बसवलेली असेल तर साधारणपणे बाहेरच्या बाजूला कॉलर, म्हणजे केसवर टेकणारा रुंद काठ असतो, म्हणून आतून बाहेर ढकलायची असते. केस नीट टेकवून, पंच सरळ रेषेत धरून दाबायचं, हातोडी मारण्यापेक्षा प्रेस किंवा स्टेकिंग सेटचा दाब कधीही चांगला. आधी कोणी गोंद लावला असेल तर हलत नाही. तो पक्का रिटेनिंग प्रकारचा असेल तर सुटायला साधारण २५० अंश सेल्सिअसची उष्णता लागते, म्हणजे काच, वॉशर, कोटिंग या कशालाच जवळ ठेवता येणार नाही. काळ्या कोटिंगची केस असेल तर त्यापेक्षा ट्यूब ड्रिल करून काढणं बरं. ड्रिल केसच्या भोकापेक्षा लहान घ्या, ट्यूबची भिंत पापुद्र्याएवढी पातळ झाली की ती आत कोसळवून चिमट्यानं काढता येते, भोकाला धक्का न लागता. हे काम हातानं करायचं नाही, उभ्या स्टँडवर केस पक्की बांधून करायचं, आणि ती सोय नसेल तर इथे थांबून घड्याळजीकडे द्या.

तुरटीचा उपाय बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो. तो आहे खरा, गरम पाण्यात तुरटीचं दाट द्रावण करून त्यात ठेवलं तर साधं कार्बन स्टील हळूहळू विरघळतं आणि पितळ, सोनं शाबूत राहतं. पण तो उपयोगी पडतो चावीत तुटून अडकलेल्या स्टेमसाठी, कारण स्टेम कार्बन स्टीलची असते. ट्यूब सहसा स्टेनलेस किंवा पितळेची असते, ती तुरटीत कितीही दिवस ठेवा, जाणार नाही. आणि चावीवर करायचा असेल तर त्यातली स्प्रिंग स्टीलची आहे का हे आधी बघा, नाहीतर तीही जाईल.

नवीन ट्यूब बसवणे

भोक आधी ॲसिटोननं पूर्ण कोरडं आणि तेलरहित करा, अर्थात केसमध्ये काच-वॉशर-प्लॅस्टिक काहीही नसताना. भोकाची कड ओबडधोबड असेल तर हलकंसं साफ करा, पण भोक मोठं करू नका. ट्यूब सरळ उभी धरून दाबा. थोडी आत गेल्यावर थांबून दोन बाजूंनी बघा, तिरकी दिसली तर बाहेर काढून परत, तशीच दाबत गेलात तर भोक तिरकं होतं आणि मग कायमचं. कॉलर केसला चहूबाजूंनी टेकली की पुरे.

भोक किंचित सैल असेल तर अनएरोबिक रिटेनिंग गोंद लागतो, लॉकटाईट ६३८ सारखा, तो पाव मिलीमीटरपर्यंतची फट भरतो. हा गोंद हवेत सुकत नाही, धातूच्या स्पर्शानं आणि हवा बंद झाल्यावर कडक होतो. स्टेनलेसवर तो हळू धरतो म्हणून पूर्ण २४ तास हात लावू नका, घाई असेल तर त्याचा ॲक्टिव्हेटर मिळतो. आता लावायचा कुठे, हे महत्त्वाचं. भोकात लावला तर ट्यूब आत जाताना गोंद पुढे ढकलते आणि तो केसच्या आत जमा होतो. ट्यूबवर, कॉलरच्या जवळ, सुईच्या टोकाएवढा लावला तर जास्तीचा गोंद बाहेर कॉलरपाशी येतो आणि कापसानं पुसता येतो. ट्यूबच्या पोटात एक थेंबही राहता कामा नये, आतून कोरडा टूथपिक फिरवून खात्री करा.

सुपरग्लू वापरू नका, अगदी थोडासुद्धा. त्याची वाफ काचेवर आणि डायलवर पांढरी बुरशीसारखी बसते, डायलवरची ती निघत नाही, आणि एकदा ओलावा लागायला लागला की पकडही सुटते. एपॉक्सी चालतं असं म्हणणारे आहेत, जुन्या पितळी केसवर एखाद्या वेळी ठीक, पण पुढच्या माणसाला ते काढणं अवघड जातं.

आट्यांनी बसणाऱ्या ट्यूबला कॉलरखाली बारीक वॉशर असेल तर तो नवीनच घाला आणि टूलनं घट्ट करा, पण जीव खाऊन नाही.

केसमधूनच कातलेली ट्यूब असेल तर पर्याय कमी. ती कापून सपाट करायची, भोक अचूक मापाला मोठं करायचं आणि वेगळी ट्यूब बसवायची, हे लेथचं काम आहे. किंवा लेझर वेल्डिंगनं धातू भरून परत आटे कापायचे. किंवा केसचा मधला भाग बदलायचा. घड्याळ जपण्यासारखं असेल तरच यात पडा. टायटॅनियमच्या केसमध्ये टायटॅनियमवर टायटॅनियम घासून आटे एकमेकांना चिकटतात, तिथे आट्यांना ग्रीस कायम हवंच.

स्टेमची लांबी आणि वॉशर

नवीन ट्यूब, नवीन चावी म्हणजे जुन्या स्टेमची लांबी बरोबर असेलच असं नाही, बहुतेक वेळा नसते. लांब स्टेम घालून मशीन जागेवर बसवा, क्राऊन चावी देण्याच्या पोझिशनला ठेवा, न दाबता चावी आणि केस यांच्यात राहिलेलं अंतर मोजा. चावीत स्प्रिंग असेल तर तिला थोडी दबायला जागा ठेवून कापा. एकदम सगळं कापू नका, शेवटचा थोडा भाग ०.१-०.२ मिमीनं कानशीवर उतरवत, टोक गोल करत, दर वेळी लावून बघत जा. लांबी बरोबर झाली याची खूण अशी की चावी उघडल्यावर स्वतःहून चावी देण्याच्या जागी येते, तारीख आणि वेळेचे टप्पे स्पष्ट लागतात, आणि बंद करताना फक्त स्प्रिंगचा दाब जाणवतो, मशीन ढकलल्याचा नाही. सगळं जमल्यावरच स्टेम-चावीच्या आट्याला कमी ताकदीचा थ्रेडलॉकर, म्हणजे आटे सुटू नयेत म्हणून लावायचा गोंद लावा, लॉकटाईट २२२ सारखा. पक्का लावलात तर पुढच्या वेळी स्टेम चावीतच तुटेल.

चावीतली ओ-रिंग, म्हणजे रबरी वॉशर, सिलिकॉन ग्रीसनं नुसती ओलसर करायची, चमक दिसेल एवढीच. थापलं तर धूळ धरते. आट्यांवर अगदी पुसटसं चालतं. पेट्रोलियम जेली काही प्रकारच्या रबराला फुगवते, ती नको.

पाण्यात घालायच्या आधी

मशीन घालायच्या आधीच रिकाम्या केसला चावी, काच, झाकण लावून टेस्ट करा, म्हणजे चुकलं तर नुकसान काहीच नाही. वेट टेस्टर (दाब देऊन पाण्यात गळती तपासायचं यंत्र) असेल तर घड्याळ पाण्याच्या वर हवेत लटकवून दाब वाढवायचा, काही मिनिटं थांबायचं, मग पाण्यात उतरवून दाब हळूहळू सोडायचा. गळती असेल तर आत शिरलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर येते आणि नेमकी जागा दाखवते. बुडबुडा दिसला की दाब पूर्ण उतरायच्या आत घड्याळ पाण्याबाहेर उचला, नाहीतर हवेच्या जागी पाणी आत जातं.

टेस्टर नसेल तर वाफेची चाचणी करता येते, ती मानकांतही आहे. घड्याळ आधी पाण्यात ठेवून, पुसून, ४० ते ४५ अंशाच्या कोमट पृष्ठभागावर नीट गरम होऊ द्या, मग काचेवर साध्या पाण्याचा एक थेंब टाका आणि मिनिटभरानं पुसा. काचेच्या आतून धुकं दिसलं तर ओलावा आत गेलाय. ही चाचणी ओलावा आहे की नाही एवढंच सांगते, कुठून आला ते नाही.

डायव्हिंग घड्याळासाठीच्या आयएसओ ६४२५ या आंतरराष्ट्रीय मानकामध्ये चावीची वेगळी परीक्षा आहे, लिहिलेल्या दाबाच्या सव्वापट दाबाखाली असताना चावीवर बाजूनं ५ न्यूटन, म्हणजे साधारण अर्धा किलो वजनाइतका जोर दहा मिनिटं दिला जातो आणि तरी पाणी आत जाता कामा नये. बाजूचा जोर यासाठी, की तो ट्यूबच्या मुळावर येतो. गोंद लावून बसवलेल्या ट्यूबच्या घड्याळावर केसवर जुना आकडा छापलेला असला तरी तो आता धरू नका, हात धुताना आणि पावसात चालेल, पोहायला टेस्टरवर पास झाल्याशिवाय नाही.

बुडबुडे चावीच्या खालून, म्हणजे चावी आणि ट्यूबच्या मधून आले तर ओ-रिंग चुकीच्या मापाची आहे किंवा ट्यूबवर ओरखडा आहे, तेवढंच बघा. ते कॉलरच्या कडेनं, ट्यूब केसला मिळते तिथून आले तर सांधा धरलेला नाही, आणि त्यावर वरून गोंद किंवा ग्रीस भरून काही होत नाही, ट्यूब परत काढून भोक कोरडं करून नव्यानं बसवावी लागते. क्रोनोग्राफच्या बटणांच्या ट्यूबलाही हेच सगळं लागू आहे, फक्त तिथे बुडबुडे कधीकधी बटण दाबल्यावरच येतात, त्यामुळे हीच टेस्ट टेस्टरबाहेर बटणं काही वेळा दाबून झाल्यावर परत करा.